फुकट आणि रीतसर: विज्ञानकथा, थ्रिलर ऑनलाइन शोधताना सोलापूरच्या वाचकांना पडणारे प्रश्न

अख्खी कादंबरी कुणी फुकट का देईल? यात काही गोम असते का?

रीतसर फुकट मिळणाऱ्या पुस्तकामागे तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, लेखकाला जाऊन इतकी वर्षं झालीत की कॉपीराइट संपलाय. दुसरं, लेखक हयात आहे आणि त्याने स्वतः परवानगी दिलीय. तिसरं, कादंबरी भागाभागाने चालू आहे. सुरुवातीचे भाग सगळ्यांना खुले असतात आणि पुढे वाचक जमले की लेखक किंवा अ‍ॅप त्यातून कमावतं.

समोरचं पुस्तक यातल्या कुठल्या दाराने आलंय हे आधी ओळखा. ते कुठे शोधायचं, कुठल्या रूपात मिळेल आणि वाचताना कुठे अडेल, हे सगळं त्यावर ठरतं. पहिल्या दाराने आलेलं मराठी पुस्तक बहुधा स्कॅन असतं, म्हणजे मोबाइलवर डोळ्यांना त्रास. दुसऱ्या दाराचं नीट मांडलेली पीडीएफ किंवा ईपब (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) असतं. तिसऱ्या दाराची कादंबरी अर्धवट सुटण्याचा धोका असतो. एकही कारण लागू होत नसेल, तर ती फाइल चोरीची आहे असं समजा.

मराठीत सुरुवात कुठून करू?

ई साहित्य प्रतिष्ठानपासून. लेखकांची परवानगी घेऊन केलेल्या शेकडो मराठी पुस्तकांच्या पीडीएफ तिथे विनामूल्य आहेत. कादंबरी आणि कथांच्या यादीत रहस्य, गूढ, भय, विज्ञान असे शब्द शोधत जा. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर परवानगीचा मजकूर असतो आणि लेखकाला अभिप्राय कळवण्याची विनंती असते. ती विनंती मनावर घ्या. फुकट पुस्तक देणाऱ्या लेखकाच्या हाती वाचकाच्या चार ओळींशिवाय दुसरं काही पडत नाही.

त्यानंतर मायबोली. हे संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. तिथल्या ‘गुलमोहर’ विभागात कथा आणि कादंबऱ्या आहेत आणि जुने हितगुज दिवाळी अंकही वाचता येतात. मिसळपाव आणि ऐसी अक्षरे या संकेतस्थळांवरही विज्ञानकथा सापडतात. मराठी विज्ञानकथा नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत वाढली. जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने गेली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणून केवळ कादंबरीच हवी असा हट्ट धरलात, तर मराठीतलं बरंचसं चांगलं लेखन नजरेतून सुटेल. आधी कथा वाचा. आवडलेल्या लेखकाच्या नावाने पुढे कादंबरी शोधा.

थ्रिलरसाठी प्रतिलिपि हे भागाभागाने गोष्टी वाचायचं अ‍ॅप आहेच. तिथला साठा प्रचंड आहे, पण निवड करावी लागते. त्याबद्दल पुढे.

नारळीकर, धारप, बाबूराव अर्नाळकर यांची पुस्तकं फुकट का नाहीत? जुनीच तर आहेत.

भारतातला कायदा, म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा, पुस्तकाचं वय बघत नाही. तो लेखकाच्या मृत्यूचं वर्ष बघतो. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. बाबूराव अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे त्यांच्या रहस्यकथांवर २०५६ अखेरपर्यंत हक्क आहे. सुहास शिरवळकर २००३ साली गेले, तिथे २०६३. नारायण धारप २००८, म्हणजे २०६८. नारळीकर २०२५ साली गेले, म्हणजे २०८५.

आता उलट बाजूने बघा. १९६५ सालापर्यंत गेलेल्या लेखकांचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून खुलं आहे. नाथमाधव १९२८ साली गेले. त्यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी निर्धास्तपणे उतरवून घ्या. आजच्या थ्रिलरचा वेग तिच्यात नाही, पण पुढचं प्रकरण उघडायला लावणारं कथानक आहे.

अनुवादात मात्र हमखास घोळ होतो. ज्यूल व्हर्न १९०५ साली गेला, तेव्हा त्याचं मूळ लेखन खुलं आहे. पण भा. रा. भागवतांनी केलेले त्याचे मराठी अनुवाद खुले नाहीत, कारण भागवत २००१ साली गेले. अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. “व्हर्न फुकट आहे” हे ऐकून मराठी अनुवादाची फाइल उतरवली, तर ती बहुतेक वेळा बेकायदा निघते.

गूगलवर शोधलं की सगळा कचराच येतो. शोधायचं कसं?

मराठी शब्दाची लिखावट ही पहिली अडचण. ‘विज्ञानकथा’ आणि ‘विज्ञान कथा’ दोन्ही टाकून बघा. ‘विज्ञान कादंबरी’, ‘विज्ञानकाल्पनिका’, ‘सायफाय’, ‘साय-फाय’ हेही. थ्रिलरसाठी ‘रहस्यकथा’, ‘थरारकथा’, ‘गूढकथा’, ‘हेरकथा’, ‘पोलिसी कथा’ असे शब्द वेगवेगळे वापरा, कारण प्रत्येक लेखक आपल्या कथेला निराळं लेबल लावतो.

‘कादंबऱ्या’ या शब्दात एक छुपी भानगड आहे. त्यातला ऱ्य संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एखाद्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधचौकटीत ‘कादंबऱ्या’ टाकून काहीच आलं नाही, तर ‘कादंबरी’ टाका. ऱ्य ची ती भानगड एकवचनात नाहीच.

शोधताना साइट किंवा फाइलटाइप हा शब्द रोमन अक्षरांत लिहून, जागा न सोडता कोलन देऊन, पुढे संकेतस्थळाचा पत्ता किंवा पीडीएफ टाकलं की गूगल तेवढ्याच जागी शोधतं. आधी मराठी शब्द, मग ही अट. शब्दसमूह दुहेरी अवतरणांत टाका, नाहीतर ‘विज्ञान’ शब्दापायी दहावीच्या गाइडांची रांग लागते.

इंटरनेट अर्काइव्हवर मराठी पुस्तकं आहेत म्हणतात, पण सापडत नाहीत.

आहेत, आणि भरपूर आहेत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो पुस्तकं तिथे पोचलीत. मात्र त्यांची नावं रोमन लिपीत, कशाही स्पेलिंगने नोंदवलेली आहेत. असं करा:

१. शोधचौकटीत लेखकाचं आडनाव रोमन अक्षरांत टाका. पुस्तकाचं नाव शक्यतो टाकू नका, ते चुकीचं असण्याची शक्यता जास्त.
२. बाजूच्या चाळणीत ‘टेक्स्ट’ निवडा आणि भाषा मराठी करा. काहीच आलं नाही तर भाषेची चाळणी काढून टाका. कित्येक मराठी पुस्तकांची भाषा हिंदी किंवा संस्कृत अशी नोंदवलेली असते.
३. त्याच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. शेवटचा ए ठेवून आणि काढून, व साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, दीर्घ अक्षराला एकदा एक आणि एकदा दोन अक्षरं.
४. उतरवण्याआधी तिथेच ऑनलाइन उघडून पहिली दहा आणि शेवटची दहा पानं चाळा. रहस्यकथेचं शेवटचं पान गायब असल्याचं तीनशेव्या पानावर कळणं फार वाईट.
५. उतरवताना पीडीएफ घ्या. ईपबचा पर्याय दिसला तरी जुन्या देवनागरी स्कॅनसाठी तो घेऊ नका. ते ईपब यंत्राने अक्षरओळख करून आपोआप बनवलेले असतात, आणि ज्या काळी ती यंत्रणा देवनागरी ओळखत नव्हती तेव्हाच्या फाइलींत निव्वळ चिन्हांचा चिवडा निघतो.

आणखी एक. तिथे कुणीही फाइल चढवू शकतं. त्यामुळे अर्काइव्हवर आहे म्हणजे कायदेशीरच आहे, असं नाही. मृत्यूवर्षाचं गणित इथेही करा.

पीडीएफ उतरवली, पण मजकूर कॉपी केला किंवा ईपब केला की अक्षरं फुटतात. का?

दोन कारणं आहेत. जुनी मराठी पुस्तकं श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे संगणक-मोबाइलवर अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) फाँटमध्ये टाइप झालेली असतात. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलीत त्या जागी एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. फाँट फाइलीत असेपर्यंत पान नीट दिसतं. बाहेर काढलं की रोमन चिन्हांची रास.

फाँट युनिकोड असला तरी दुसरी गोष्ट नडते. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं डावीकडून उजवीकडे रचलेली असतात. ‘किती’ शब्दात पहिली वेलांटी क च्या आधी दिसते, म्हणून ती आधी नोंदली जाते. कॅलिबरसारख्या प्रोग्रॅमने त्याचा ईपब केला की वेलांटी मागच्या शब्दाच्या शेपटीला चिकटते, नाहीतर ठिपक्यांच्या गोलावर एकटीच बसते. जोडाक्षरांचीही तीच गत. याला घरगुती इलाज नाही. पीडीएफ आहे तशीच वाचा आणि वाचण्याचं साधन बदला.

केओरीडर हे फुकट अ‍ॅप अँड्रॉइडवर चालतं. त्यातला ‘रीफ्लो’ पर्याय पानाच्या चित्राचे शब्दाशब्दाने तुकडे पाडून मोबाइलच्या रुंदीत पुन्हा रचतो. अक्षरओळखीची गरज पडत नाही, त्यामुळे देवनागरीही तगते. शिरोरेषा तुटकी असलेल्या जुन्या छपाईत मात्र एखादा शब्द दुभंगतो. तसं झालं तर रीफ्लो बंद करून नुसते समास कापा आणि मोबाइल आडवा धरा.

इंग्रजीत वाचायची तयारी आहे. जुनी चांगली सायफाय आणि थ्रिलर कुठे मिळेल?

प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ साली सुरू झालं. आज तिथे ७० हजारांहून जास्त पुस्तकं आहेत, पण मराठी जवळपास नाहीच. एच. जी. वेल्स १९४६ साली गेले, आर्थर कॉनन डॉयल १९३०, जॉन बकन १९४०. तिघांचंही लेखन भारतात खुलं आहे. गुटेनबर्गच्या फाइली साध्या असतात. त्याच पुस्तकांची नीट तपासलेली, चांगल्या मांडणीची आवृत्ती स्टँडर्ड ईबुक्सवर असेल, तर ती घ्या. फरक पहिल्या पानावरच कळतो.

इंग्रजीची फार सवय नसेल तर वेल्सपासूनच सुरू करा. ‘द टाइम मशीन’ ही १८९५ ची कादंबरी लहान आहे आणि तिची वाक्यं सरळ आहेत. १८१८ चं ‘फ्रँकेन्स्टाइन’ नंतर घ्या. ते थोर आहे, पण लांबलचक वाक्यांमुळे नवा वाचक तिसाव्या पानावर पुस्तक मिटतो.

आणि आजचे लेखक?

आजच्या विज्ञानकथेतलं उत्तम लेखन इंग्रजी मासिकांत सरळ फुकट वाचता येतं. क्लार्क्सवर्ल्ड, लाइटस्पीड, स्ट्रेंज होरायझन्स आणि पूर्वी टॉर डॉट कॉम नावाने चालणारं रिअ‍ॅक्टर ही त्यातली मोठी नावं. इतक्या कथांतून निवड कशी करायची? दरवर्षी वसंतात ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या अंतिम याद्या जाहीर होतात. त्यांतला लघुकथेचा गट उघडा. बऱ्याचशा कथा या मासिकांत आधीच खुल्या असतात. एका रविवारी चार कथा वाचल्यात, तर पुढच्या वर्षभरात कुणाला वाचायचं हे ठरून जातं.

पूर्ण कादंबरीच हवी असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालच्या, म्हणजे लेखकानेच फुकट वाटायला मोकळीक दिलेल्या, कादंबऱ्या बघा. कोरी डॉक्टरो यांनी आपली पहिली कादंबरी २००३ साली दुकानात आली त्याच वेळी अशी खुली केली. पीटर वॉट्स यांची २००६ ची ‘ब्लाइंडसाइट’ लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे. ती अवघड आहे, पण मेंदू आणि जाणीव या विषयात रस असेल तर नक्की घ्या.

थ्रिलरची अशी खुली मासिकं कमी. आजचे थ्रिलर लेखक बहुधा मालिकेचं पहिलं पुस्तक फुकट ठेवतात आणि दुसऱ्यापासून पैसे घेतात. स्मॅशवर्ड्सवर गटात थ्रिलर आणि किमतीत ‘फ्री’ निवडलं की अशी पहिली पुस्तकं समोर येतात.

किंडलवर ‘फ्री’ लिहिलेलं पुस्तक दाबलं आणि वर्गणी मागितली. असं का?

तुम्ही ‘रीड फॉर फ्री’ दाबलंत. ते किंडल अनलिमिटेडचं बटण आहे आणि ती महिन्याची वर्गणी आहे. खरंच फुकट असलेल्या पुस्तकाची किंमत शून्य रुपये लिहिलेली असते आणि बटण खरेदीचं असतं. किंडल अनलिमिटेडमध्ये पुस्तक ठेवणाऱ्या लेखकांना दर ९० दिवसांच्या मुदतीत ५ दिवस ते फुकट ठेवता येतं. म्हणून काल शून्य असलेलं पुस्तक आज दीडशेचं दिसतं. शून्य दिसताच घ्या. एकदा घेतलं की ते तुमच्या खात्यात राहतं.

बाहेरून मिळालेली ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’च्या पानावरून पाठवता येते. २०० एमबीपर्यंतची फाइल चालते. जुनी मोबी फाइल मात्र आता पाठवता येत नाही. तीच फाइल ईपबमध्ये शोधा.

प्रतिलिपिवर, रॉयल रोडवर मालिका मध्येच थांबते. आधी कसं ओळखायचं?

रॉयल रोड या भागाभागाने इंग्रजी कादंबऱ्या देणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक कादंबरीवर स्थितीचा शिक्का असतो. ‘कम्प्लीटेड’ म्हणजे पूर्ण. ‘हायेटस’ म्हणजे लेखक थांबलाय. ‘स्टब’ म्हणजे कादंबरी किंडल अनलिमिटेडवर गेली आणि तिथल्या एकाधिकाराच्या अटीमुळे प्रकरणं काढून टाकलीत. स्टब असेल तर सुरूच करू नका.

प्रतिलिपिवर आधी शेवटच्या भागाची तारीख बघा. दोन महिने उलटले असतील तर पुढच्या भागाची आशा कमी. मग भागाखालच्या प्रतिक्रिया वाचा. “पुढचा भाग कधी?” याच ओळींची रांग असेल तर उत्तर मिळालंच. काही मालिका प्रीमियम असतात. त्यांचे पुढचे भाग वाट पाहून किंवा कॉइन खर्चून उघडतात. शंभर भागांच्या मालिकेत दर भागाला कॉइन मोजत बसण्यापेक्षा पूर्ण खुली मालिका निवडणं बरं. शोधताना गोष्टीच्या नावापुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अंतिम भाग’ टाकून बघा.

चांगली थ्रिलर पहिल्या पाच मिनिटांत कशी ओळखायची?

वाचकसंख्येवर जाऊ नका. तो आकडा भाग किती यावरही वाढतो. पहिला भाग आणि मधला कुठलाही एक भाग, एवढेच वाचा. पहिल्या भागात प्रश्न पडलाय का, आणि मधल्या भागात नवी माहिती मिळते का, की तोच धक्का पुन्हा दिलाय, हे बघा. प्रत्येक भाग दार वाजण्यावर किंवा किंकाळीवर संपत असेल आणि पुढच्या भागाच्या पहिल्या चार ओळींत “ती तर मांजर होती” निघत असेल, तर शेवटी तपासही असाच सुटणार. विज्ञानकथेत एक कल्पना नीट शेवटापर्यंत ताणलेली असते. दर भागाला नवं यंत्र येत असेल, तर लेखकाला वाट सापडलेली नाही.

टेलिग्रामवर हव्या त्या कादंबरीची पीडीएफ मिळते. मग एवढा खटाटोप कशाला?

दुकानात विकल्या जाणाऱ्या पुस्तकाची ती चोरलेली प्रत असते. मराठी विज्ञानकथेचा खप आधीच मर्यादित आहे आणि त्यात ही चोरी झाली की प्रकाशक पुढची आवृत्ती काढायला धजत नाही. आवडत्या लेखकाचं पुस्तक बाजारातून नाहीसं होण्यात या फाइलींचा हात आहे. शिवाय अशा चॅनेलवर ‘ई-बुक’ म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल चिकटवतात. पुस्तक पीडीएफ किंवा ईपब असतं. फाइल उघडताच अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी मागितली, तर तिथेच पुसून टाका.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना वाचायचं असतं. रेंज गेली की सगळं अडतं.

आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ईपब सहसा एक-दोन एमबीत मावतो. दोनशे पानांचं स्कॅन मात्र सहज ३०-४० एमबीचं असतं. अ‍ॅपमधली मालिका असेल तर एकेक भाग ऑफलाइनसाठी जतन करून मोबाइल एकदा विमान मोडवर टाका आणि उघडतंय का ते तपासा. नुसतं ‘लायब्ररीत जोडलं’ म्हणजे उतरलं, असं नाही.

हुतात्माचे साधारण चार तास. मिनिटाला दीडशे शब्द धरले तर ३६ हजार शब्द होतात. म्हणजे लघुकादंबरी नेमकी बसते. मोठी कादंबरी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेससाठी ठेवा, आणि अ‍ॅपमध्ये काळी पार्श्वभूमी लावा म्हणजे वरच्या बर्थवरच्यांची झोप मोडणार नाही.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो, पण वाचन मराठीत. त्या भाषांतलं काही मिळेल?

आपल्या गावात असे वाचक पुष्कळ आहेत. प्रतिलिपिवर तेलुगू आणि कन्नड दोन्ही विभाग आहेत, सेटिंगमध्ये भाषा बदलायची. लिपी येत नसेल पण भाषा कळत असेल, तर मोबाइलच्या वाचून दाखवण्याच्या सोयीत ती भाषा उतरवा आणि मजकूर ऐका. हीच सोय मराठीसाठीही आहे आणि डोळे दुखणाऱ्या ज्येष्ठांना फार उपयोगी पडते. मजकूर युनिकोड हवा, स्कॅन वाचून दाखवता येत नाही. इंग्रजी जुन्या कादंबऱ्या माणसांच्या आवाजात ऐकायच्या तर लिब्रिव्हॉक्सवर फुकट आहेत.

मला हवी तीच कादंबरी कुठेच रीतसर फुकट नाही. मग?

मग तिचा मोह ऑनलाइन सोडा आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. धारप, शिरवळकर, नारळीकर यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालय हीच हक्काची जागा. जाताना लेखक, पुस्तकाचं पूर्ण नाव आणि प्रकाशक चिठ्ठीवर लिहून न्या. ‘ती भुताची निळ्या मुखपृष्ठाची’ एवढ्यावर कुणाला शोधता येत नाही. पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर ते परत कधी येणार ते विचारून ठेवा.